तापलेले लोखंड आणि नॉर्वेची गादी (११३० ते १२४०)

धागाकर्ती: माजघर

१२१८ साली बर्गन शहरात इंगा नावाच्या बाईने लालबुंद तापलेले लोखंड हातात धरले आणि ठरावीक अंतर चालून गेली. तिचा मुलगा होकोन तेव्हा जेमतेम १४ वर्षांचा होता आणि वर्षभरापूर्वीच त्याला नॉर्वेचा राजा म्हणून पुकारले होते. तरीही दरबारातले निम्मे लोक विचारत होते, हा खरंच राजाचा मुलगा कशावरून? बाप असता तर त्याने सांगितले असते. पण बाप, राजा होकोन स्वेरेसन, १ जानेवारी १२०४ ला वारला आणि मूल त्यानंतर काही महिन्यांनी जन्मले. साक्षीला उरली फक्त आई, आणि तिच्या शब्दाला वजन यावे म्हणून तिच्या हातावर निखाऱ्यासारखे लोखंड ठेवले गेले. हाताला पट्टी बांधली, नंतर सगळ्यांसमक्ष सोडली. सागा (राजांची जुनी आइसलँडी चरित्रकथा) सांगते की हात आधीपेक्षाही सुंदर दिसत होता.

गेले काही महिने मी नॉर्वेच्या या काळाबद्दल मिळेल ते वाचते आहे. तिकडे याला यादवी युद्धांचा काळ म्हणतात, ११३० ते १२४०. लढाया, राजे, यार्ल (राजाखालोखालचे सरदार) यांची यादी कुठेही मिळेल. माझ्या डोक्यातून जात नाही ती इंगा. म्हणून हा धागा.

आधी गादीचा नियम समजून घेऊ, कारण सगळा घोळ तिथे आहे. राजाच्या प्रत्येक मुलाला गादीवर सारखा हक्क होता, मग तो औरस असो की अनौरस. थोरला-धाकटा हा भेद नव्हता. टिंग म्हणजे मोकळ्या शेतकऱ्यांची सभा. तिने राजा म्हणून पुकारले की तो राजा. अशा सभा प्रदेशागणिक वेगळ्या, त्यामुळे एकाच वेळी दोन ठिकाणी दोन राजे पुकारले जाऊ शकत. भाऊ-भाऊ एकत्र राज्य करत, आणि ते कधीकधी नीट चालेही. सिगुर्ड, आयस्टाइन आणि ओलाफ हे तीन भाऊ ११०३ पासून एकत्र राजे होते. त्यातला सिगुर्ड जहाजे घेऊन थेट जेरुसलेमपर्यंत जाऊन आला, म्हणून त्याला योर्सालफार म्हणतात, आणि मागे आयस्टाइनने घर सांभाळले. युद्ध झाले नाही.

११३० मध्ये सिगुर्ड वारला आणि सगळे फाटले. त्याच्या हयातीतच हाराल्ड गिले नावाचा तरुण आयर्लंडकडून आला होता. त्याचे म्हणणे, मी तुझा भाऊ, आपला बाप एकच, मॅग्नस अनवाणी (त्या राजाचे टोपणनाव खरेच 'अनवाणी' होते). सिगुर्डने त्याला दिव्य करायला लावले. नांगराचे ९ तापलेले फाळ जमिनीवर मांडले, आणि दोन बाजूंनी दोन बिशपांनी हात धरून हाराल्डला त्यावरून अनवाणी चालवले. तीन दिवसांनी पाय पाहिले तर भाजलेले नव्हते. त्याला भाऊ मानले गेले, पण अट घातली: सिगुर्ड आणि त्याचा मुलगा मॅग्नस जिवंत असेपर्यंत राज्य मागायचे नाही. हाराल्डने शपथ घेतली, आणि सिगुर्ड गेल्यावर मोडली. आधी दोघांनी राज्य वाटून घेतले, मग ११३५ मध्ये बर्गनला हाराल्डने मॅग्नसला पकडले, डोळे काढले, एक पाय तोडला, खच्ची केले आणि निडारोसजवळच्या (आजचे ट्रॉन्डहाइम) एका बेटावरच्या मठात टाकले. म्हणजे तो जिवंत राहिला, पण राजा व्हायच्या लायकीचा उरला नाही. पुढच्याच वर्षी हाराल्डचा खून झाला. मारणाऱ्याचेही म्हणणे तेच, मीही मॅग्नस अनवाणीचाच मुलगा.

आता एक प्रसंग सांगते, तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. हाराल्डचा मुलगा इंगे दोन वर्षांचा असताना राजा होता. ११३७ साली मिन्ने इथल्या लढाईत त्याच्या एका सरदाराने त्याला आपल्या झग्याच्या ओच्यात बांधून घेतले आणि निशाणाखाली उभा राहून लढला. राजा रणात दिसला पाहिजे ना, नाहीतर लोक लढणार कशासाठी! त्या धक्काबुक्कीत मुलाच्या पाठीला आणि पायाला अपाय झाला, असे तेव्हाचे लोक सांगत. मोठेपणी त्याची पाठ वाकडी होती आणि एक पाय आखूड. इतिहासात तो 'कुबडा इंगे' म्हणूनच राहिला. आधी भावांशी आणि मग पुतण्याशी लढत लढत ११६१ मध्ये ओस्लोजवळ मारला गेला.

त्यानंतर आला एर्लिंग स्काके. स्काके म्हणजे मान कललेला. भूमध्य समुद्रातल्या एका चकमकीत मानेवर घाव बसल्यामुळे त्याचे डोके कायम एका बाजूला झुकलेले असे. तो स्वतः राजकुळातला नव्हता, पण बायको क्रिस्टिन ही सिगुर्ड योर्सालफारची औरस मुलगी. तिच्या नात्याने त्याने आपल्या ५ वर्षांच्या मुलाला, मॅग्नसला, राजा केले. आईकडून गादी! जुन्या रिवाजात हे बसतच नव्हते. म्हणून एर्लिंगने चर्चचा हात धरला. आर्चबिशप आयस्टाइनने बर्गनमध्ये मुलाला मुकुट घातला. स्कँडिनेव्हियात त्याआधी कुणाला असा राज्याभिषेक झाला नव्हता. ११६३ मध्ये नवा कायदाही आला: राजा एकच, आणि तो औरस थोरला मुलगा.

कायदा कागदावर नेटका होता. पण रानावनात राजांची अनौरस मुले वाढत होती, आणि त्यांच्या आया जिवंत होत्या.

पुढचे (बिर्केबाइनर, स्वेरे, स्कूले यार्ल) प्रतिसादांत बोलू. माहीतगारांनी भर घालावी.

---

देवराई

फार सुंदर. सलग वाचले.

बिर्केबाइनरबद्दल थोडे. ११७४ च्या सुमारास एर्लिंगविरुद्ध जमलेली ही टोळी. इतके हलाखीचे दिवस की पायात घालायला काही नाही, म्हणून बर्च झाडाची साल गुडघ्यापर्यंत गुंडाळत. विरोधकांनी हिणवायला 'बर्चपाये' नाव ठेवले आणि यांनी तेच मिरवले. बर्च म्हणजे आपला भूर्ज. दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत, हे भाषाशास्त्रात पक्के ठरलेले आहे. आपल्याकडे ज्या सालीवर पोथ्या लिहिल्या, तीच साल तिकडे पायाला बांधून लोक बर्फातून चालले. मी हिमालयात भूर्जाची साल हातात घेतलेली आहे. कागदासारखी पापुद्र्या-पापुद्र्याने सुटते, पाणी धरत नाही. ओल्या बर्फात पाय कोरडा ठेवायला याहून बरे काय मिळणार!

---

बखरप्रेमी

लेख आवडला. पण स्वेरेचा (इंगाच्या होकोनचा आजोबा) विषय निघणारच आहे, म्हणून आधीच सांगतो: मला तो तोतया वाटतो.

हिशोब मांडा. स्वेरेचे म्हणणे, माझा बाप राजा सिगुर्ड मुन्न (योर्सालफार नव्हे, हा हाराल्ड गिलेचा मुलगा, कुबड्या इंगेचा भाऊ). सिगुर्ड जन्मला ११३३ मध्ये. स्वेरे फेरो बेटांवर बिशपच्या घरी वाढला आणि धर्मगुरूची दीक्षा घेतली. चर्चच्या नियमाप्रमाणे त्यासाठी वय ३० पूर्ण लागते. तो नॉर्वेत उतरला ११७६ मध्ये. नियम पाळला गेला असेल तर त्याचा जन्म ११४६ च्या आधीचा. म्हणजे त्या वेळी सिगुर्ड १३ वर्षांचा! सागेत मात्र तो आला तेव्हा २४ वर्षांचा असल्याचे लिहिले आहे. मग दीक्षा कशी मिळाली? दोन्हीपैकी एक गोष्ट खोटी आहे.

आणि पुरावा काय? आई गुन्हिल्ड रोमला यात्रेला गेली, तिथे कबुलीजबाबात म्हणाली की मुलगा नवऱ्याचा नाही, राजाचा आहे. तिला सांगितले गेले की मुलाला हे कळव. बस्स. ही हकिकत लिहवून घेतली कुणी? खुद्द स्वेरेने. आइसलँडचा मठाधिपती कार्ल योन्सन लिहायला बसला आणि काय लिहायचे ते राजा शेजारी बसून सांगत होता. हे सागेच्या प्रस्तावनेतच आहे.

---

गोदातीर

वाचतोय. पुढील लेखनाला शुभेच्छा.

---

माजघर

@बखरप्रेमी, वयाचा हिशोब बिनतोड आहे, मला त्यावर उत्तर नाही. त्यात एक भर घालते, ती तुमच्याच बाजूने जाईल. पुढे आइरिक नावाचा एक जण आला आणि म्हणाला, मीही सिगुर्ड मुन्नचा मुलगा, स्वेरेचा भाऊ, मला दिव्य करू द्या. त्याची इच्छा होती की एकाच दिव्यात दोघांचाही निवाडा व्हावा. स्वेरेने नकार दिला. म्हणाला, तू फक्त तुझ्यापुरते कर, माझे नाव त्यात घेऊ नकोस. आइरिकने लोखंड उचलले, निर्दोष ठरला, पुढे यार्ल झाला. स्वेरेने स्वतः मात्र कधीच दिव्य केले नाही.

पण 'तोतया' हा शब्द मला तरीही जड वाटतो. तोतया म्हणजे ज्याला स्वतःला माहीत असते की आपण खोटे आहोत. स्वेरेला आईने सांगितले आणि त्याने ते खरे धरले, असेही झाले असेल. खोटे असेल तर ते गुन्हिल्डचे, आणि तिने ते का सांगितले असेल हे विचारायला कुणीच थांबले नाही. सागेत ती एवढे एक वाक्य बोलते आणि निघून जाते.

आणि माणूस विलक्षण होता हे तर मान्य कराल? ११७७ मध्ये व्हेर्मलांडच्या जंगलात सुमारे ७० फाटक्या बिर्केबाइनरांनी त्याला पुढारी केले. दोन वर्षांनी निडारोसला काल्व्हस्किन्नेटच्या लढाईत एर्लिंग स्काके पडला. १५ जून ११८४ ला सोन्ये फ्योर्डमध्ये फिमराइटेची आरमारी लढाई झाली. एर्लिंगच्या मुलाची, राजा मॅग्नसची, जहाजे एकमेकांना बांधलेली होती. स्वेरेच्या माणसांनी कडेचे जहाज घेतले की त्यावरचे लोक शेजारच्या जहाजावर उड्या मारत. ते घेतले की पुढच्यावर. शेवटी सगळे सैन्य उरलेल्या थोड्या जहाजांवर दाटले आणि ती भाराने बुडाली. राजा मॅग्नस त्यातच गेला. वय २८.

---

गोदातीर

दिव्याबद्दल लिहावेसे वाटले. आपल्याकडच्या वतनाच्या तंट्यांत, महजरांमध्ये (निवाड्याच्या कागदांत), रवा-दिव्य येते. कढत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी गोतासमोर उघडून पाहायचा. हाताला पट्टी बांधून नंतर सर्वांसमक्ष सोडणे, हे इंगाचे वाचून अंगावर काटा आला. एकमेकांना न पाहिलेल्या दोन समाजांनी हीच एक रीत शोधली. जिथे कागद नाही, साक्षीदार मेलेले, तिथे माणसाचे कातडेच साक्षीला बोलवायचे.

---

उत्तरवारा

मी गेली ११ वर्षे नॉर्वेत राहते, म्हणून हा धागा पाहून राहवले नाही.

इंगाच्या बाळाची गोष्ट इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. होकोनचा जन्म आग्नेय नॉर्वेत, फोल्केनबोर्गला झाला. तो सगळा मुलूख बाग्लर पक्षाच्या ताब्यात होता. बाग्लर म्हणजे बिशपांच्या बाजूचे, नावच मुळी बिशपच्या दंडावरून पडलेले. राजाचे मूल आहे हे त्यांना कळले असते तर संपलेच. तिथल्या धर्मगुरूने गुपचूप बाप्तिस्मा दिला आणि लपवून ठेवले. मग १२०६ च्या हिवाळ्यात बिर्केबाइनर आई आणि बाळाला घेऊन उत्तरेला निडारोसकडे निघाले. वाटेत वादळ आले. लिलेहामरहून टोर्स्टाइन आणि शेर्व्हाल्ड हे दोन उत्तम स्कीवाले बाळाला घेऊन डोंगर ओलांडून ओस्टरडालेनकडे गेले. बाळाला द्यायला काही नव्हते, बर्फ वितळवून तोंडात घातले असे सांगतात.

त्या आठवणीत १९३२ पासून, मधली काही वर्षे सोडता, दरवर्षी स्कीची शर्यत होते, रेना ते लिलेहामर, ५४ किलोमीटर. प्रत्येकाने पाठीवर किमान साडेतीन किलोची पिशवी न्यायची, बाळाची खूण म्हणून. मी एकदा ती पूर्ण केली. आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवी तोलली, गरम कपड्यांनी वजन भरेना. शेवटी दोन किलो तांदळाची पिशवी तळाशी ठेवली. तांदूळ पाठीला टेकून बसतात, हलत नाहीत, थोडे झोपलेल्या मुलासारखे. चढावर वारा समोरून होता, पापण्यांवर बर्फ धरत होते आणि मला सारखे वाटत होते, माझे तांदूळ आहेत, रडत नाहीत. दीड वर्षाचे मूल दहा किलोच्या आसपास असते, आणि ते रडते.

एक गोष्ट मात्र खटकते. गोष्टीत, चित्रांत, शर्यतीच्या जाहिरातीत ते दोन पुरुष आणि बाळ. इंगा कुठेच नाही. ती त्याच प्रवासात होती.

---

देवराई

@उत्तरवारा, शेवटची दोन वाक्ये वाचून गप्प झालो.

---

चौकस

सगळे प्रतिसाद वाचले. थोडे वेगळे मत मांडतो.

आई खरे बोलली की खोटे, याने युद्धे झाली असे मला वाटत नाही. दावेदार हे निमित्त. मागे उभे असलेले लोक पाहा. ट्रॉन्डहाइमच्या आसपासचा त्रोन्देलाग प्रदेश बिर्केबाइनरांच्या मागे, तर दक्षिणेला ओस्लोच्या खाडीचा विकेन प्रदेश त्यांच्या विरोधकांचा, आणि त्यांना डेन्मार्कच्या राजाची फूस. खुद्द एर्लिंगला यार्ल ही पदवी डेन्मार्कच्या वाल्डेमारकडून मिळालेली. प्रत्येक गटाला लढायला एक राजपुत्र लागायचा, कारण राजपुत्राशिवाय गट म्हणजे नुसते दरोडेखोर. म्हणून मागणी आधी आणि पुत्र नंतर. तुम्हीच लिहिलेल्या कुबड्या इंगेकडे पाहा. दोन वर्षांचे पोर कशाचा दावा करणार? सरदारांना निशाण हवे होते, त्यांनी मूल बांधून घेतले.

१२०८ चा क्वित्सोयचा तह तर सरळ सरदारांची वाटणी आहे. बाग्लरांचा फिलिपुस याने राजा ही पदवी सोडायची, यार्ल म्हणवून घ्यायचे आणि पूर्वेचा मुलूख ठेवायचा. स्वेरेच्या मुलीशी, क्रिस्टिनशी, लग्नही लावून दिले. फिलिपुस राजा म्हणवून घेतच राहिला ते सोडा.

एक दुरुस्तीही. ११६३ च्या कायद्यात फक्त औरस थोरला एवढेच नाही. तो दुष्ट किंवा बुद्धीने कमी असेल तर दुसरा निवडायचा, आणि निवडायला बिशपांबरोबर प्रत्येक धर्मप्रांतातून १२ शहाणे लोक बोलवायचे. म्हणजे निवडीचा अधिकार टिंगकडून बिशपांच्या बैठकीत आणला. स्वेरेचा आर्चबिशपांशी दीर्घ झगडा चालला तो चर्चच्या अशा अधिकारांवरूनच. बहिष्कृत झाला तरी हटला नाही, आणि १२०२ मध्ये बर्गनला अंथरुणात मेला. त्या शतकातल्या राजांत अंथरुणात मरणारे थोडेच.

---

माजघर

@चौकस, दुरुस्ती मान्य, मी घाईत अर्धेच लिहिले. आणि सरदारांचे म्हणता तेही खरे आहे. पण तुमच्या मुद्द्यानेच माझे म्हणणे पुढे जाते. सरदारांना निशाण हवे होते हे कबूल. ते निशाण खरे ठरवायला त्यांनी स्वतःचा हात कुठे भाजला? १२१७ मध्ये राजा इंगे बोर्डसन (कुबडा इंगे नव्हे, हा नंतरचा) वारला तेव्हा त्याचा भाऊ स्कूले यार्ल गादीवर डोळा ठेवून होता. होकोनला राजा पुकारले गेले, स्कूलेने देशाचा तिसरा हिस्सा आपल्या ताब्यात ठेवला, आणि वर दिव्य करायला लागले ते इंगाला.

त्या वेळचा एक प्रसंग सागेत आहे. यार्लच्या बाजूचा एक माणूस होकोनच्या विश्वासातल्या डागफिनकडे आला आणि म्हणाला, माझ्याकडे एक वनस्पती आहे, हाताला लावली की भाजलेले भरून येते, घ्या. डागफिनने ओळखले की हा सापळा आहे. औषध लावले असते तर उद्या बोंब झाली असती की दिव्यात लबाडी केली. त्याने ते परतवले. म्हणजे इंगाने भाजायचे, आणि भाजू नये म्हणून काही केले तर तोही गुन्हा.

१२२३ मध्ये बर्गनला मोठी सभा भरली. स्कूलेसकट सगळ्या दावेदारांचे म्हणणे ऐकून कायदा जाणणाऱ्यांनी होकोनचाच हक्क मान्य केला. इंगा १२३४ मध्ये वारली. पुढे १२४७ मध्ये होकोनला मुकुट घालायला पोपचा दूत कार्डिनल विल्यम आला, आणि त्याने तापल्या लोखंडाचे दिव्य नॉर्वेत बंद करायला लावले. ते लोखंड धरून ज्याला आईने राजा केले, त्याच्याच राज्याभिषेकाच्या वर्षी.

---

बखरप्रेमी

माजघर, तुमचे म्हणणे आता नीट पोचले. फक्त साधनांबद्दल एक गोष्ट धाग्यात नोंदवून ठेवतो, कारण ती फार विचित्र आहे.

होकोनची सागा लिहिली स्टुर्ला थोर्डार्सनने, होकोन वारल्यावर लगेच, त्याचा मुलगा राजा मॅग्नस याच्या सांगण्यावरून. हा स्टुर्ला म्हणजे स्नोरी स्टुर्लुसनचा पुतण्या. ज्याने नॉर्वेच्या जुन्या राजांचा इतिहास लिहिला तो स्नोरी. स्नोरी स्कूलेचा मित्र होता. स्कूलेने १२३९ मध्ये स्वतःला राजा म्हणून पुकारले आणि २४ मे १२४० ला एल्गेसेटरच्या मठात मारला गेला. पुढच्या वर्षी स्नोरीला आइसलँडमध्ये त्याच्याच घराच्या तळघरात मारले, आणि हुकूम होकोनचा होता. म्हणजे ज्याने आपल्या काकाला मारवले, त्या राजाचे चरित्र पुतण्या लिहितो आहे. आणि लिहवून घेणारा मॅग्नस? त्याची आई मार्ग्रेटे ही स्कूलेची मुलगी. स्कूले त्याचा आजोबा!

इंगाचा हात सुंदर दिसत होता हे वाक्य या दरबारात लिहिले गेले. तिथे दुसरे काही लिहिताच आले नसते.

---

उत्तरवारा

@बखरप्रेमी, मार्ग्रेटेचे नाव निघाले म्हणून. होकोनचे आणि तिचे लग्न १२२५ मध्ये झाले ते यार्लशी सलोखा व्हावा म्हणूनच. तिचे पुढे काय झाले, ती बापाच्या बाजूची की नवऱ्याच्या?

---

माजघर

सागेत तिचा एक प्रसंग आहे. स्कूलेने बंड केल्याची खबर रात्री आली. होकोन तिच्या खोलीत गेला. ती रेशमी अंगरख्यात उभी होती, तिने अंगावर तांबडा झगा ओढला आणि विचारले, काय बातमी? तो म्हणाला, फार मोठी नाही, आता नॉर्वेत दोन राजे झालेत. ती म्हणाली, खरा राजा एकच असणार आणि तो तुम्ही, देव आणि संत ओलाफ करोत की तसेच राहो. बापाचे नाव तिने घेतले नाही.

सहा महिन्यांत बाप मारला गेला. ती त्यानंतर तीस वर्षे जगली, १२७० पर्यंत.